स्वेटर घातलेली बरणी

शमुवेलनाना कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांशी बोलत नसत, भांड्यांशी बोलत. दारातून आत आले की फळीवर, चुलीपाशी, मोरीजवळ जे पहिलं भांडं दिसेल त्याच्यावर वाकवलेल्या बोटानं टक् टक् वाजवायचे, कान लावायचे आणि अगदी हळू, कुणाच्या दाराशी उभं राहून विचारावं तसं विचारायचे, "आत हाईस का?"

मग थांबायचे. उत्तराची वाट बघत. तेवढ्या वेळात घरातलं सगळं गप्प व्हायचं. आमची आई हातातली पळी तशीच धरून उभी राहायची. भांडं काही बोलत नाही हे तुम्हाआम्हाला माहीत आहे. पण नाना मान हलवायचे, 'हं' म्हणायचे आणि मगच आमच्याकडे वळायचे. "काय कंपौंडर, बरं हाय ना?"

कंपौंडर म्हणजे मी. भिंगारला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तेव्हा नोकरीला होतो. लढाईची वर्षं चालली होती. मला त्या वयात स्वतःच्या अकलेचा फार अभिमान. भुताखेतांवर विश्वास नाही, अंगारेधुपारे चालत नाहीत, कुणी नजर लागली म्हटलं की मी भर गल्लीत वाद घालायचो. तरीही सांगतो, त्या म्हाताऱ्यानं माझ्या अंगावर जितक्या वेळा काटा आणला तितक्या वेळा कुणीच आणला नाही. आणि तोसुद्धा भर दुपारी.

नाना आमच्या भिंतीपलीकडे राहत. उंच, वाळके, डोक्याला कायम कानटोपी. तीस वर्षं लष्करी कॅम्पातल्या गोऱ्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा दावीद लष्कराच्या मोटार कंपनीत ड्रायव्हर होऊन मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, लढाईवर गेलेला. रविवारी चर्चमध्ये पाळकांच्या उपासनेला जायचे, एरवी गल्लीतली भांडी वाजवायचे. "मानूस इसरतं, कंपौंडर," असं ते मला दर दोन दिवसांनी ऐकवत. "भांडं इसरत न्हाई. त्यात काय हुतं, कुनी ठिवलं, सगळं त्येच्या ध्यानात ऱ्हातं."

मी हसायचो. पण एकदा आमच्या समोरच्या तलाठ्याच्या घरी काय झालं ते ऐका. त्यांच्या फळीवर लोणच्याची एक बरणी होती. नानांनी वाजवली, कान लावला, आत नाक घातलं आणि म्हणाले, "ह्यात लोनचं कदी न्हवतंच. ह्यात कायतरी दडवलं हुतं. लोखंडाचं." तलाठ्याची बायको पांढरीफटक. सासूबाईंचा अडकित्ता चार वर्षांपूर्वी हरवला होता, त्यावरून दोन गडी काढले होते आणि एका पोपटवाल्याकडं कौल लावला होता. सासूबाई तिथंच बसल्या होत्या. पुढं त्या घरात काय रणकंदन झालं ते आमच्या भिंतीपर्यंत ऐकू आलं. नाना मात्र नमस्कार करून, चहा न घेता निघून गेले.

तेव्हापासून बायका नानांना येताना पाहिलं की फळीवर फडकं टाकायच्या.

त्यात भिंतीचा आवाज. दुपारी गल्ली झोपली, की नानांच्या बाजूनं यायचा. 'बुडुक्.' मग बराच वेळ काही नाही. इतका वेळ, की आपल्याला भास झाला असं वाटावं. आणि मग पुन्हा, 'बुडुक्.' कुणीतरी पाण्याखाली बसून सावकाश श्वास सोडतंय असा. त्याच्या मागोमाग नानांचा आवाज, समजूत घातल्यासारखा: "व्हय, व्हय. हाय मी." गल्लीनं ठरवून टाकलं, की नानांनी मेलेली बायको बरणीत कोंडली आहे. दूधवाली त्यांच्या दारापर्यंत जाईना. दूध आमच्या उंबऱ्यात ठेवून पळायची. त्यांच्या परसातला शेवगा भलत्याच महिन्यात फुलायचा, आणि शेजारचा कोंबडा तिथं चरून आला की भर दुपारी बारा वाजता आरवायचा आणि आडवा व्हायचा. आता सांगा, कोण तिथं जाईल?

मी गेलो. म्हटलं, या आवाजाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावू. शिवाय माझी एक तक्रार होती. नानांनी माझ्याकडून एनिमाची कोरी रबरी नळी नेली होती, आणि दर महिन्याला पुडीभर काडेचिराईत नेत होते. इतकं कडू औषध एकटा माणूस पितो तरी किती?

पौषातली दुपार होती. नगरची थंडी, उन्हातसुद्धा बोचणारी. नानांचं दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. डोळे जरा सरावले तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणी बसलेलं दिसलं. खाकी लष्करी स्वेटर, दोन्ही बाह्या खाली सोडलेल्या, पोट सुटलेलं. आणि मानेच्या वर काहीच नाही. मानेतून एक लाल नळी निघून जमिनीवरच्या बाटलीत गेलेली.

'बुडुक्.'

मी ओरडलो. खोटं कशाला बोलू, चांगला मोठ्यांदा ओरडलो. मागं उडी मारली ती पायातली वहाण तिथंच राहिली.

"आवो कंपौंडर, हळू," मागून नाना आले. हातात गुळाची ढेप. "त्येला धक्का सोसत न्हाई."

ती बरणी होती. चिनीमातीची, गुडघ्याएवढी, कॅम्पातून आणलेली. थंडीनं आतला जिन्नस गारठू नये म्हणून तिला दावीदचा स्वेटर घातला होता. आणि आत काय होतं? बियर! मी कपाळावर हात मारला. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, उकळून, गूळ घालून आणि माझं काडेचिराईत घालून केलेली बियर. आपण दह्याला विरजण लावतो तसं तिला खमीर लावायचं, की ती आंबते, श्वास घेते. तो श्वास नळीतून बाटलीतल्या पाण्यात सुटतो. "तोंड घट्ट बांदायचं न्हाई," नाना म्हणाले. "दम कोंडला की बरनी फुटती. मेसमदी एकदा छतापत्तोर उडाली हुती."

"पण तुम्ही तर पीत नाही, नाना."

"थेंब न्हाई. पाळकांना इचारा."

मग गोष्ट कळली. दावीद कॅम्पातल्या एका गोऱ्या सार्जंटाकडून हे शिकला होता. लढाईवर जायच्या आदल्या दिवशी त्यानं स्वतःच्या हातानं या बरणीत खमीर घातलं, लोखंडी डावानं घुसळलं, आणि जाताना म्हणाला, "बाबा, आल्यावर पिऊ." बियर तयार व्हायला तीन आठवडे लागतात; आणि पोरगा कुठल्या दिवशी येईल काय सांगावं? म्हणून नाना एक घाणा उतरला की तळाचा गाळ तसाच ठेवून त्यावर लगेच दुसरा घालत. तयार झालेली जुनी बियर शेवग्याला. शेवग्याचं आणि कोंबड्याचं कोडं असं सुटलं. तीन वर्षं त्या बरणीतलं दावीदच्या हातचं खमीर त्यांनी एक दिवससुद्धा मरू दिलं नव्हतं.

"हे जितं हाय, तवर त्यो जिता हाय," नाना म्हणाले, आणि स्वेटरची बाही नीट केली.

मी खाली बघत राहिलो. कारण गेल्या पावसाळ्यात एक सरकारी कागद आला होता तो मीच त्यांना वाचून दाखवला होता. इंग्रजीत होता. त्यात दावीद बेपत्ता असल्याचं लिहिलं होतं, आणि पुढं एक ओळ होती, की तो ठार झाला असं समजण्यात येतं. नाना माझ्या तोंडाकडं बघत होते. मी पहिली ओळ वाचली. दुसरीला जीभ उचलेना. कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "बेपत्ता आहे, नाना. सापडतात अशी माणसं."

आठ दिवसांनी नाना आमच्याकडे आले ते भांडं न वाजवताच. "कंपौंडर, बरनीचा बोल बदलला. तडा जातोय." त्यांच्या कपाळावर घाम होता, त्या थंडीत. बरणी गेली तर खमीर कुठं ठेवणार? मग नानांनी आख्खं भिंगार पालथं घातलं. मीही हिंडलो त्यांच्याबरोबर, रविवार होता म्हणून. जस्ताची बादली: "नापास. आंबटानं जस्त सुटतं. मेसमदी एकदा बादलीत केली, निम्मी पलटन दोन दिस परसाकडंच हुती." चकचकीत रंगाचा मातीचा माठ: "नापास. ही चकाकी शिशाची. ती पोटात जाती." लाकडी पिंप: "ह्यात घासलेट हुतं. वीस वर्सांमागं असंल, पर हुतं." पितळी पातेलं तर हातातसुद्धा घेतलं नाही. आमच्या आईनं मोठ्या मनानं तिची कैरीच्या लोणच्याची बरणी रिकामी करून पुढं केली. नानांनी वाजवली, हुंगली आणि हात जोडले. "वयनी, नापास. ही मोहरी इसरायची न्हाई." आई दोन दिवस फुगून होती.

"आन् ओरखडा नसावा," ते मला वाटेत सांगत होते. "ओरखड्यात मागचं लपून बसतं. कितीबी धुवा, निघत न्हाई. दावीदनं त्या लोखंडी डावानं तळाला एक ओरखडा पाडला हुता. लई बोललो मी त्येला. म्हनलं, चांगल्या भांड्याचा नास केलास. जायच्या आदल्या दिवशी बोललो, कंपौंडर."

आमच्या दवाखान्यात एक काचेची मोठी बाटली होती, दोन घागरी पाणी मावेल अशी. नानांनी ती आधीच हेरली होती. "काच सगळ्यात गुनाची. काय सोडत न्हाई, काय धरत न्हाई. तेवढी द्या." आणि मी काय म्हणालो? "ती डॉक्टरांची आहे. दारूसाठी कशी मागू?" किती ताठ मानेनं म्हणालो ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

म्हणून नाना घोडेगावला निघाले. तिथं मेसमधला त्यांचा जुना सोबती राहत होता, त्याच्याकडं कॅम्पातली दुसरी बरणी होती म्हणे. जाताना किल्ली आईच्या हातात दिली. "वयनी, नुसतं ऐकत ऱ्हा." संध्याकाळी परत येणार होते. पण पेट्रोलची टंचाई, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. त्यांची मोटार रस्त्यात बसली ती दोन दिवस उठली नाही.

पहिल्याच दुपारी आई धावत दवाखान्यात आली. माझी आई, जी दारूचं नाव काढलं तरी चूळ भरायची! "अरे चल लवकर, ते गळायला लागलंय. त्या पोराचा स्वेटर भिजला." आम्ही दोघं तिथं गेलो तेव्हा बरणीच्या पोटाला आडवा तडा गेला होता आणि स्वेटरच्या खालच्या कडेवरून टप टप पाणी पडत होतं. ते दृश्य मला अजून दिसतं. आईनं घरातली तांब्याची घागर आणली. आमच्या घरातलं सगळ्यात शुद्ध भांडं. कुणी काशीहून गंगा आणली की ती त्यात ठेवायची. तिनं ती त्याच सकाळी चिंच लावून लखलखीत घासली होती. मी बरणी धरली, आईनं गाळासकट उरलेलं सगळं घागरीत ओतलं, नळी लावली, वर माझा कोरडा स्वेटर घातला. बरणी तीनदा विसळून शेवग्याखाली ठेवली. आई डोक्यावरून आंघोळ करून आली आणि म्हणाली, "चांगलं झालं हो. तांब्यात काही बिघडत नाही."

आणि मी, कंपौंडर, जो रोज तराजूनं औषधं मोजतो, मी मान डोलावली! आंबट पदार्थ तांब्यात कळकतो हे शाळेतल्या पोरीला कळतं. पण घागर म्हटलं की डोळ्यांपुढं पाणीच येतं, पूजा येते. विषाचं कुणाच्या मनात येणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीतून आवाज आला नाही. मी जेवायचं थांबून ऐकत राहिलो. आईपण. जो आवाज बंद व्हावा म्हणून मी वर्षभर कटकट केली, तो नाही म्हटल्यावर घर खायला उठलं. जाऊन पाहिलं तर घागरीच्या गळ्याशी हिरवी कड धरली होती. आत फेस नाही, बुडबुडा नाही, नुसतं गढूळ पाणी आणि धातूचा उग्र वास. कोंबड्यानंसुद्धा पिऊ नये म्हणून ते मी लांब खड्ड्यात ओतून आलो. आई उंबऱ्यात बसून रडत होती. "मी मारलं रे. त्या पोराला मी मारलं."

नाना तिसऱ्या दिवशी आले, हात हलवत. सोबती कधीच वारला होता, बरणी फुटली होती. आम्ही सांगितलं. त्यांनी रिकाम्या घागरीकडं पाहिलं. वाजवली नाही. "तुमचा काय दोस न्हाई, वयनी," एवढंच म्हणाले, दावीदचा स्वेटर घडी करून मांडीवर घेतला आणि त्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसले. दोन दिवस तसेच होते. जेवण पाठवलं ते परत आलं. गल्लीतल्या बायकांनी फळ्यांवरची फडकी काढली होती. पण भांडी वाजवायला कुणी येत नव्हतं.

मला मात्र तो ओरखडा सुचला. कितीबी धुवा, निघत न्हाई. शेवग्याखालून मी तडकलेली बरणी उचलून आणली. वरचा भाग हातात आला, खालचं बूड शाबूत होतं. आत बोट फिरवलं. तळाला नखभर खोल एक चर होता, दावीदच्या डावाचा. नानांच्या घरातला सातूचा भरडा उकळला, गूळ घातला, निवू दिला आणि त्या बुडात ओतला. वर फडकं. आमच्या चुलीशेजारी ठेवलं, आईच्या देवघरापासून चार हातांवर. आईनं ते हलवलं नाही.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. तिसऱ्या दुपारी मी जेवून पडलो होतो, तर आई दबक्या आवाजात म्हणाली, "अरे, इकडं ये. हे काहीतरी बोलतंय."

मी कान लावला. फडक्याखाली अगदी बारीक कुजबूज चालली होती. सुं सुं सुं. फडकं उचललं तर कडेला पांढरा फेस धरलेला. हा जंतूंचा खेळ आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला पुस्तक आठवलं नाही, आईला तर नाहीच. तिनं फडक्याला हात जोडले.

मी तसाच डॉक्टरांकडं पळालो आणि काचेची बाटली मागितली. "ती होय?" डॉक्टर म्हणाले. "घेऊन जा की. पाच वर्षं नुसती अडगळ झाली आहे."

सगळं त्या बाटलीत घातलं, वर निवलेला नवा घाणा, तोंडाला नळी, आणि मी आणि आई ती दोघांच्या मध्ये धरून नानांच्या घरी घेऊन गेलो. त्यांनी वर पाहिलं नाही. मी म्हटलं, "नाना, ओरखड्यात राहिलं होतं."

नाना उठले, बोट वाकवलं, काचेवर टक् टक् केलं आणि कान टेकला. "आत हाईस का?"

आम्ही तिघंही श्वास धरून उभे. काही नाही. बाहेर कुठंतरी टांगा गेला. अजून काही नाही. आई माझं मनगट घट्ट दाबत होती.

'बुडुक्.'

नाना खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. तो ओरखडा, ते जायच्या आदल्या दिवशीचं बोलणं, सगळं तोंडातून बाहेर येत होतं. आईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शांत झाल्यावर त्यांनी दावीदचा स्वेटर बाटलीला घातला, बाह्या नीट केल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "कंपौंडर, त्यो कागद पाळकांनी मला आदीच वाचून दावला हुता. दोनी वळी."

मी विचारलं, "मग माझ्याकडं कशाला आणलात?"

"म्हनलं, दुसरा कुनी येगळं वाचतो का बघावं." त्यांनी नाक पुसलं. "तुमी एक वळ गाळली. घरी येताना म्हनलं, एका मानसाला तरी वाटतंय, त्यो येईल. मग मलाबी वाटाया लागलं."

आईनं चूल पेटवली आणि तिघांपुरता चहा टाकला, त्या घरात, पहिल्यांदा.

पुढं लढाई संपली, इंग्रज गेले, कॅम्प रिकामा झाला. दावीद आला नाही. बाटली मात्र चालू राहिली. काडेचिराईत मी न मागता पोचवायचो. नाना थकले, भांडी वाजवत हिंडणं बंद झालं. मग रोज दुपारी जेवण झालं की मी आमच्या बाजूनं भिंतीवर बोट वाकवून टक् टक् करायचो आणि विचारायचो, "नाना, आत आहात का?"

थोडा वेळ जायचा. कधी कधी फार जायचा, आणि मी पुन्हा टक् टक् करायचो. मग पलीकडून आधी 'बुडुक्' असा आवाज यायचा, आणि त्याच्या मागोमाग तो घोगरा, म्हातारा आवाज:

"हाय की, कंपौंडर. दोगंबी हाय."